मुठीतला नववा खडा

"मोज," म्हणत मामांनी एकेक करून नऊ खडे माझ्या तळहातावर ठेवले.

"आत्ता तुमीच मोजलं की माझ्यादेखत."

"मी मोजलेलं ते माझं. तुझं तू मोज."

मी मोजले. नऊ होते. मामा आपले नऊ खडे घेऊन बांधाच्या त्या टोकाला गेले आणि मी या टोकाला बाभळीखाली उभी राहिले. सकाळच्या भांडणानंतर ते माझ्याशी बोलले ते एवढंच.

मामा म्हणजे माझे सासरे, ज्योतीराम मुकादम. विहिरी खोदायचा त्यांचा पिढीजात धंदा. आटपाडीच्या आसपास चाळीस गावांत त्यांच्या हातच्या विहिरी आहेत. त्या वर्षी आम्ही विष्णूअण्णांच्या मळ्यात खोप टाकून होतो. विहीर पस्तीस फुटांवर गेली होती आणि खाली काळा खडक लागला होता. असा खडक पहारीला दाद देत नाही. त्यात भोकं पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची, वाती लावायच्या आणि बार उडवायचे. वाती लहानमोठ्या ठेवायच्या, म्हणजे बार एकामागून एक होतात आणि मोजता येतात.

ते मोजायची आमच्यात एक रीत होती. जितके बार भरले तितके खडे घेऊन दोन माणसांनी बांधाच्या दोन टोकांना उभं राहायचं. एक बार झाला की एक खडा खाली टाकायचा. धूर निवला की दोघांनी मूठ उघडून दाखवायची. दोन्ही मुठी रिकाम्या असल्या तरच माणूस विहिरीत उतरणार. कुणा एकाच्या जरी मुठीत खडा उरला, तरी खाली एक बार जिवंत आहे असं धरायचं आणि विहीर दुसऱ्या दिवसापर्यंत बंद ठेवायची. माणसं दोन कशाला, तर एकाची चूक झाली तर दुसऱ्यानं सांगावी म्हणून. पूर्वी मामांच्या जोडीला माझ्या सासूबाई उभ्या राहायच्या. त्यांचे गुडघे गेले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.

आणि बारानंतर विहिरीत पहिल्यांदा उतरायचा तो माझा नवरा. त्यांचं नाव निवृत्ती. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही, पण लिहायला हरकत नाही.

मी त्या घरात आले तेव्हा दहावी पास होते, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. शाळेत वादविवाद स्पर्धेत मी दोनदा पहिली आले होते. विषय दोन्ही वर्षी एकच, खेडं बरं की शहर. पहिल्या वर्षी मी खेड्याच्या बाजूनं बोलले, दुसऱ्या वर्षी शहराच्या, आणि दोन्ही वेळा पितळी तांब्या घरी आणला. समोरच्याला गप्प केलं की आपण बरोबर, अशी माझी पक्की समजूत झाली होती. सासरी स्पर्धा नव्हत्या, म्हणून मी घरच्यांशीच भांडायचे. आटपाडीहून म्हसवडला कुठल्या वाटेनं जवळ पडतं, शेळीला उन्हात बांधावं का सावलीत, वरण आधी फोडणीला टाकावं का नंतर. मला काहीही चालायचं.

मामांशी माझं फार वाजायचं. त्याला कारण त्यांचा स्वभाव, असं मी तेव्हा कुणालाही सांगितलं असतं. मी काही बोलले की हा माणूस बांधाकडे नाहीतर आभाळाकडे बघत बसायचा. सून काय बोलते ते ऐकून घ्यायचीसुद्धा यांची तयारी नाही! माझं डोकं फिरायचं. मी आवाज चढवायचे. आवाज चढवला की मात्र ताडकन उत्तर यायचं, आणि मग दोघांची जुंपायची. सासूबाई म्हणायच्या, "शालन, तुझ्या जिभेला जरा इसावा दे गं बाई." निवृत्ती दोरखंड वळत बसायचे.

त्या दिवशी सकाळी चहावरून झालं. साखर थोडी होती, म्हणून मी चुलीपुढूनच विचारलं, "मामा, चा गुळाचा करू का साकरंचा?" मामा पाठमोरे बसून पहारीला धार लावत होते. उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. तरी नाही. मी गुळाचा केला आणि पितळी त्यांच्यापुढे ठेवली.

"गुळाचा कशाला केला? साकर हाय न्हवं?"

"दोनदा इचारलं तुमास्नी."

"मला कुणी बी इचारलं न्हाई."

"दोनदा! आत्ती हुत्या हितं. आत्ती, सांगा, इचारलं का न्हाई?"

सासूबाईंनी मान खाली घातली. विचारलं होतं, असं त्या हळूच म्हणाल्या. मग मला जोर आला. खोटं बोलायचं वय आहे का हे, सुनेला हलकं पाडल्याशिवाय चहा गोड लागत नाही का, असं काय काय मी बोलले. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वेगळंच काहीतरी होतं. ते मला कळलं नाही आणि मी कळून घ्यायलाही थांबले नाही. त्यांनी पितळी बाजूला सारली आणि चहा न घेताच विहिरीकडे निघून गेले. मी जिंकले होते.

निवृत्ती दोरखंड गुंडाळून उठले. माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले.

"शालन, येक मागू?"

"काय?"

"आजचा दिस आबांशी वाद घालू नगंस. येकच दिस. कामावर ध्यान लागत न्हाई माझं. खाली उतरलो तरी वरनं तुमचं भांडान ऐकू येतंय असं वाटतं."

"मीच करते का भांडण?"

"हे बघ, ह्यो बी वादच झाला."

ते हसले आणि मलाही हसू आलं. "बरं बाई, आज एक शब्द न्हाई बोलायची," मी म्हणाले. "म्हणाल त्याला व्हय म्हणीन."

"शपथ?"

"शपथ."

दुपारी बार भरून झाले. निवृत्तींनी विडी पेटवली, तिच्यानं नऊ वाती पेटवल्या, दोराच्या शिडीवरून वर आले आणि पळत मुरमाच्या ढिगाआड गेले. मी मूठ पुढे धरून उभी राहिले.

पहिला बार झाला. एक खडा. दुसरा, तिसरा. मग थोडं थांबून चौथा आणि पाचवा लागोपाठ. सहावा जरा मोठा झाला, दगड माल वर ओढायच्या यारीच्या खांबावर येऊन आदळले. सातवा. आठवा.

मग काही नाही.

धूर वर येत होता. बाभळीवरची पाखरं उडून गेली होती, ती एकेक करून परत यायला लागली. मी वाट बघत होते. माझ्या मुठीत एक खडा होता.

मी मामांकडे पाहिलं. ते विहिरीकडे बघतच नव्हते. बांधाच्या त्या टोकावरून ते टक लावून माझ्याकडे बघत होते. त्या नजरेचा अर्थ मी माझ्या मनानं लावला. आज परत उरलेला खडा काढतेस का, असं ते विचारतायत.

'परत' म्हणायला कारण होतं. पंधरवड्यापूर्वी याच विहिरीत सात बार भरले होते. माझ्या मुठीत एक खडा उरला आणि मामांची मूठ रिकामी निघाली. "दोन बार येकदम झालं," ते म्हणाले. मी हटले नाही. रीत म्हणजे रीत, म्हणून सगळ्यांपुढे ठणकावून सांगितलं आणि विहीर बंद ठेवायला लावली. विष्णूअण्णा दिवसभर कुरकुरत फिरले. दुसऱ्या दिवशी निवृत्ती जपून उतरले, तर सातही भोकं फुटलेली. आठ दिवस सगळे मला मोजणीची मास्तरीणबाई म्हणत होते. मामा एक अक्षर बोलले नाहीत. टोमणासुद्धा मारला नाही. मला ते जास्त लागलं.

मग बाभळीखाली उभी राहून मी विचार करू लागले. सहावा बार मोठा होता. त्यात दोन असतील. मागच्या वेळी तेच झालं होतं. तीस वर्षं बार मोजणारा माणूस समोर उभा आहे आणि मला मोजायला लागून वर्ष झालंय. सकाळी शपथ घेतली आहे. आज एक दिवस. शाळेत मी दोन्ही बाजूंनी बोलायचे. त्या बांधावर मी माझ्याच विरुद्ध बोलले, आणि तिथेही जिंकले.

मी बोटं सैल केली. खडा खाली पडला.

त्या टोकाला मामांनीही आपला खडा टाकला. मग दोघांनी हात वर करून मुठी उघडल्या. "नऊऽऽ!" मामा ओरडले.

निवृत्ती ढिगाआडून बाहेर आले. त्यांनी मामांच्या हाताकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, जरा थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. मी शब्द पाळला म्हणून हसले, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं. धूर निवल्यावर ते पहार घेऊन खाली गेले. मी यारीपाशी जाऊन वाकून बघत होते. पहारीचे चार घाव ऐकले. पाचव्या घावाला नववा बार झाला.

त्यांना वर कसं काढलं ते मी लिहिणार नाही. जीव वाचला. दोन्ही डोळे गेले आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. वय सत्तावीस.

मिरजेच्या दवाखान्यात आम्ही सव्वा महिना होतो. मामा बाहेरच्या बाकावर बसून असायचे. जेवत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते. माझ्या छातीवर तो एक खडा बसला होता आणि तो कुणालातरी सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येत नव्हता. नवऱ्याला सांगायची हिंमत नव्हती. बाराव्या दिवशी मी मामांच्या शेजारी जाऊन बसले.

"मामा," मी हळू म्हणाले, "मी आठच मोजलं हुतं."

ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकून गप्प आहेत. रागावलेत, आणि रागवावंच.

"मामा, माझ्या मुठीत येक खडा उरला हुता. मी तो मुद्दाम टाकला."

तरी नाही. मग माझा तोल गेला. "आठच ऐकलं मी! आठ!" मी ओरडले. वऱ्हांड्यातली माणसं वळून बघायला लागली. मामा दचकून माझ्याकडे वळले. त्यांनी उजवा कान माझ्या तोंडाशी आणला आणि म्हणाले, "काय म्हंतीस? परत सांग."

मी परत सांगितलं.

ते मग म्हणाले, "तू आठ तरी ऐकलंस. मी येक बी न्हाई."

"म्हंजे?"

"दोन वर्सं झाली. आधी डावा कान गेला, मग ह्यो. बारांनी खाल्लं. जवळनं वराडलं तर येतं ऐकू, न्हाईतर न्हाई. पायाखाली हादरा बसतो त्यावरनं मोजत हुतो. कुणाला सांगू? भैऱ्या मुकादमाच्या हाताखाली कोण पोरगं धाडंल हिरीत?"

चहा माझ्या डोळ्यांपुढे आला, शेळी आली, म्हसवडची वाट आली.

"मागल्या येळेला मी अंदाजानं टाकलं सगळं खडं," ते म्हणाले. "बराबर निगालं. लोक तुला हसत हुते, आन् मला तोंड वर करवंना. तू नडली नसतीस आन् माझं चुकलं असतं तर? तवाच ठरवलं मनाशी. ही पोरगी कुणाच्या बाला भीत न्हाई. आपलं खरं हाय तितं सोडत न्हाई. आता हिच्याच हाताकडं बघायचं. हिचा पडला की आपला टाकायचा."

"म्हणून तुमी बघत हुता?"

"म्हणून बघत हुतो. तुझी मूठ मिटलेली दिसली. मी बी धरून ठिवला. बरं वाटलं मला, की हाय, पोरगी जाग्यावर हाय. मग तुझा पडला." त्यांचा आवाज फाटला. "रोज चापायी भांडतीस माझ्याशी. त्याच दिशी का गं नमलीस?"

मामा रडायला लागले. ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, ती माणसं फार मोठ्यानं रडतात. मी त्यांचा हात धरून बसले. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच त्यांचा हात धरला होता.

मामांनी त्यानंतर विहीर घेतली नाही. चार वर्षांनी गेले. त्या चार वर्षांत मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून, कानाशी तोंड नेऊन बोलायचे आणि आमचं एकदाही भांडण झालं नाही. निवृत्तींना आम्ही सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरवलंही नव्हतं. दोघांनाही ते जमलं नाही एवढंच.

पुढे मी अंगणवाडीत लागले आणि घर चालवलं. तोंड माझं बंद झालं नाही. पण वरणाच्या फोडणीवरून मी पुन्हा कधी वाद घातला नाही. अंगणवाडीत आलेल्या तेलाची तारीख उलटून गेली होती तेव्हा घातला. लसीच्या पेटीतला बर्फ वितळला होता तेव्हा नर्सबाईशी घातला. ती म्हणाली, "काही होत नाही हो, सगळीकडे असंच चालतं." मी पेटीवर हात ठेवून दारात बसून राहिले. सगळं गाव मला कटकटी म्हणतं. म्हणू दे.

परवाची गोष्ट. आमच्या गावाजवळून मोठा रस्ता चाललाय आणि त्यासाठी डोंगर फोडतायत. दुपारी भोंगा वाजतो, मग बार होतात. मी ओसरीवर मेथी निवडत होते. निवृत्ती खांबाला टेकून दोरी वळत होते. आठ बोटांनी ते इतकी सुबक दोरी वळतात की आजूबाजूच्या गावांतून लोक गुरांच्या दाव्यासाठी येतात. भोंगा झाला. बार झाले. दोघांचेही हात थांबले होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"सहाच," ते म्हणाले आणि पुन्हा दोरी वळायला लागले.

कसं कोण जाणे, अडतीस वर्षं न निघालेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं. "अवो, त्या दिशी मी आठच मोजलं हुतं."

त्यांचे हात थांबले नाहीत.

"मी बी," ते म्हणाले.

माझ्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "काय?"

"मी बी आठच मोजलं हुतं. ढिगाआड बसून."

"मग उतरला कशाला? जिवावर उठला हुता का?"

"बाहेर आलो तर दोघांच्या मुठी रिकाम्या." ते शांतपणे बोलत होते. खूप दिवस विचार करून झालेलं बोलणं होतं ते. "तू आन् आबा. जल्मात कधी येका शब्दावर आला न्हाईत. गुळाचा का साकरंचा ह्यावर भांडणारी माणसं. मी म्हणलं, ही दोगं येका तोंडानं नऊ म्हंत्यात म्हणल्यावर नऊच असणार. माझंच चुकलं असंल. निवांत उतरलो."

त्या हसण्याचा अर्थ मला अडतीस वर्षांनी कळला. मी पदर तोंडाशी धरला. आवाज करायचा नाही असं ठरवलं होतं, पण त्यांच्या कानांपासून काय लपतंय? त्यांनी दोरी मांडीवर ठेवली, हात लांबवून माझा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"आबांनी किती मोजलं हुतं?" त्यांनी विचारलं.

मग मी तेही सांगितलं. कान, हादरा, माझ्या हाताकडे बघणं, दवाखान्यातला बाक, सगळं. माझं बोलून होतंय तोवर डोंगरावरची धूळ ओसरीपर्यंत आली.

"म्हंजे तुझं चाचं इचारणं त्यास्नी ऐकूच आलं नव्हतं," ते म्हणाले.

"न्हाई."

"सकाळी भांडायला कायच नव्हतं म्हणायचं."

"न्हाई," मी म्हणाले. "दुपारी हुतं."

त्यांनी मान हलवली. मग खाली चाचपून दोरीचं सुटलेलं टोक शोधलं आणि माझ्या हातात धरायला दिलं.